मुलाच्या मापाचं उपकरण

नाशिकमध्ये इंजिनिअरिंगची महाविद्यालयं आहेत, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत आणि राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथेच आहे. दुर्मीळ आजार असलेल्या मुलांसाठी परवडणारी उपकरणं या शहरात घडू शकतात. आड येतात ते काही गैरसमज.

गैरसमज : आजार बरा होणार नसेल, तर उपकरणाचा काय उपयोग?
वस्तुस्थिती : डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात स्नायू वर्षागणिक दुबळे होतात आणि बहुतेक मुलांचं चालणं किशोरवयातच थांबतं. आजार मुळापासून बरा करणारा उपचार अजून नाही. तरीही पाठीला नीट आधार देणारी चाकांची खुर्ची मिळाली, तर मूल वर्गात बसतं, लिहितं, मित्रांमध्ये राहतं.

गैरसमज : इतक्या थोड्या मुलांसाठी कोण खपणार?
वस्तुस्थिती : आजार वेगळे असले तरी अडचणी सारख्या असतात. जाड मुठीचा चमचा स्नायू दुबळे झालेल्या मुलाला लागतो, तसाच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला आणि संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीलाही.

गैरसमज : स्वस्त म्हणजे कामचलाऊ.
वस्तुस्थिती : कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय स्वस्त होता आणि तो लावून अनवाणी चालता येई, उकिडवं बसता येई. आपल्या राहणीला तो महागड्या परदेशी पायापेक्षा जास्त जुळला.

गैरसमज : थ्रीडी प्रिंटरवर छापलं की झालं.
वस्तुस्थिती : आयव्हन ओवेन आणि रिचर्ड व्हॅन ॲस यांनी २०१३ मध्ये कृत्रिम हाताचा आराखडा सर्वांना खुला केला. मनगट वाकवलं की त्याची बोटं मिटतात. मनगटच हलत नसेल, तर तो निरुपयोगी. शिवाय मूल वाढतं आणि हात लहान पडतो. म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि पालक पहिल्या मापापासून सोबत हवेत.

गैरसमज : विद्यार्थ्यांचं काम प्रदर्शनापुरतंच असतं.
वस्तुस्थिती : २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी मूळचे नाशिकचे रमेश रासकर आणि एमआयटी मीडिया लॅब यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कुंभथॉन’ या उपक्रमात इथले विद्यार्थी शहराच्या खऱ्या प्रश्नांना भिडले. पुढे टीसीएस फाउंडेशनचं ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे नवकल्पनांचं केंद्रही नाशकातच उभं राहिलं. आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून वैद्यकीय उपकरणं घडवतात.

आता पुढचं पाऊल महाविद्यालयांनी उचलायला हवं. विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे गुण मिळाल्यावरही मुलाच्या खुर्चीचा पट्टा तुटणार आहे, माप बदलणार आहे. ती दुरुस्ती दरवर्षी नव्या तुकडीकडे नेमून द्या. दुरुस्त होत राहणारं उपकरणच मुलाला खऱ्या अर्थाने परवडतं.