चकाकीचें मोल

आजच्या विषयाचें नांव ऐकून कांहीं भगिनींस वाटेल कीं, निवृत्त शाळामास्तरानें स्त्रियांच्या प्रसाधनाच्या सामानांत लक्ष घालण्याचें कारण काय? आक्षेप रास्त आहे. परंतु ओठांच्या रंगांत, पापण्यांवरील लेपांत किंवा गालांवरील चूर्णांत जी मंद, मोत्यासारखी झळाळी दिसते, ती कोठून येते हें विचारूं लागलें म्हणजे प्रश्न शृंगाराचा राहत नाहीं. तो प्रथम भूगोलाचा होतो आणि थोड्याच वेळांत शाळेचा होतो.

ही झळाळी पुष्कळदां अभ्रकाची असते. अभ्रक आपल्या घरांत नवें नाहीं. वैद्यांचें अभ्रकभस्म सर्वांस ऐकून ठाऊक आहे. जुन्या विजेच्या इस्त्रींत तारेभोंवतीं असलेलीं पातळ पारदर्शक पानें अनेकांनीं पाहिलीं असतील. या खनिजाचा विशेष असा कीं, तें पापुद्र्यांवर पापुद्रे रचून झालेलें असतें व ते पापुद्रे नखानेंहि सुटतात. पापुद्रा कितीहि पातळ काढला तरी सपाट व तकतकीत राहतो, सहसा जळत नाहीं आणि विजेस वाट देत नाहीं. रंगद्रव्यांच्या कारखान्यांत या पापुद्र्यांचें अतिसूक्ष्म चूर्ण करतात आणि प्रत्येक कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवितात. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात व त्यांतून रंग उमटतो. जाडी किंचित् वाढविली कीं रुपेरी छटेची सोनेरी होते, मग तांबडी, निळी, हिरवी. साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात ते याच नियमानें. मोटारींच्या चमकत्या रंगांतहि हेंच द्रव्य असतें. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां भूगोल. झारखंडांतील कोडरमा व गिरिडीह आणि त्यांस लागून असलेला बिहारांतील नवादा जिल्हा, हा आपल्या देशांतील प्रसिद्ध अभ्रकपट्टा. दुसऱ्या महायुद्धांत विजेच्या व बिनतारी यंत्रांसाठीं येथील अभ्रकास मोठी मागणी होती. आपल्या वाडवडिलांनीं ज्या जुन्या रेडिओवर भाषणें ऐकलीं, त्याच्या पोटांत कोडरम्याचा एखादा पापुद्रा असण्याचा पुष्कळच संभव होता. १९४६ सालीं अभ्रकखाणींतील मजुरांच्या कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा झाला, यावरून तो धंदा केवढा होता याची कल्पना येईल. पुढें विद्युद्यंत्रांत दुसरे पदार्थ आले. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानें जंगलांतील खाणींवर निर्बंध आले, आणि १९९१ मध्यें सोव्हिएट संघ मोडल्यावर एक मोठें गिऱ्हाईक गेलें. खाणींमागून खाणी बंद पडल्या.

खाणी बंद पडल्या, तरी त्यांच्या तोंडाशीं साचलेले टाकाऊ अभ्रकाचे ढीग तेथेंच राहिले. या तुकड्यांस तिकडे ढिबरा म्हणतात. पत्र्यासारखें मोठें अभ्रक हवें होतें तेव्हां ढिबऱ्यास किंमत नव्हती. चूर्णाचा धंदा वाढला तेव्हां त्यासहि गिऱ्हाईक मिळालें. कोरडवाहू जमिनीवर वर्ष निघत नाहीं अशीं कुटुंबें टोपली व हातोडी घेऊन ढीग उपसूं लागलीं, सोडलेल्या खाणींत बिळें पाडूं लागलीं. अरुंद बिळांत लहान अंग सहज शिरतें, म्हणून मुलेंहि गेलीं. या कामास परवाना नाहीं. सबब हजेरीपट नाहीं, ठरलेली मजुरी नाहीं, आणि दरड कोसळून कोणी गाडला गेला तर त्याची नोंद करण्यास कोणी पुढें येत नाहीं. २०१६ सालीं रॉयटर या वृत्तसंस्थेनें शोध केला, तेव्हां अवघ्या दोन महिन्यांत सात मुलांचा मृत्यु झाल्याचें व तो दडपला गेल्याचें बाहेर आलें. त्याच वर्षीं हॉलंडांतील एका संशोधनसंस्थेनें अशा बालमजुरांची संख्या बावीस हजारांपर्यंत असावी असा अंदाज प्रसिद्ध केला.

यावर प्रसाधनें करणाऱ्या कंपन्यांनीं काय करावें? एक मार्ग सोडून देण्याचा. इंग्लंडच्या लश कंपनीनें खाणींतील अभ्रक वर्ज्य करून कृत्रिम अभ्रक पत्करलें. तें सुमारें चौदाशें अंश उष्णतेंत घटकद्रव्यें वितळवून बनवितात. तें शुद्ध असतें व त्याची चमकहि अधिक स्वच्छ. परंतु त्यास इंधन फार लागतें, आणि ढिबरा वेंचणाऱ्या कुटुंबाची चूल त्यानें पेटत नाहीं. गिऱ्हाईक निघून गेलें म्हणजे मूल शाळेंत जातेंच असें नाहीं. बहुधा माल आणखी पडेल भावानें दुसऱ्यास विकला जातो.

दुसरा मार्ग एकत्र येण्याचा. २०१७ सालीं पॅरिस येथें ‘रिस्पॉन्सिबल माइका इनिशिएटिव्ह’ नांवाची संस्था स्थापन झाली. फ्रान्सची लोरेआल, जर्मनीची मर्क अशा एरवीं आपापला धंदा पाहणाऱ्या कंपन्या तींत आल्या. मोटारींचे रंग व विजेचीं साधनें करणारेहि आले. हें कां करावें लागलें तें समजून घेण्याजोगें आहे. वेंचणाऱ्याकडून गांवचा दलाल, दलालाकडून गुदामवाला, तेथून निर्यातदार, मग रंगद्रव्याचा कारखाना आणि शेवटीं सुंदर डबी, अशी ही सांखळी आहे. गुदामांत वीस गांवचा माल एका ढिगांत पडतो. पापण्यांस लावावयाच्या रंगासाठीं एका कंपनीस लागणारें अभ्रक त्या ढिगाचा लहानसा अंश. तिनें एकटीनें चौकशी केली तर गुदामवाला तिला दाराबाहेर ठेवून मोटारवाल्यास माल देईल. सगळींच मोठीं गिऱ्हाइकें एकच प्रश्न विचारूं लागलीं म्हणजे मात्र उत्तर द्यावें लागतें. संस्थेनें पुरवठादारांची सांखळी कागदावर मांडण्याचें, कामाच्या जागीं किमान नियम लावण्याचें, गांवांत शाळा, आरोग्य व दुसरी उपजीविका यांकडे पाहण्याचें आणि सरकारशीं बोलण्याचें काम हातीं घेतलें. पांच वर्षांत, म्हणजे २०२२ पर्यंत, बालमजुरी नाहींशी करावयाची असा संकल्प होता. तो पुरा झाला नाहीं. मुदत २०३० पर्यंत पुढें नेली गेली. मध्यंतरीं २०१९ सालीं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणींत या पट्ट्यांतील पांच हजारांहून अधिक मुलें शाळेबाहेर असल्याचें आढळलें.

माझ्या मतें कार्य अडतें तें दोन ठिकाणीं. पहिली अडचण परवान्याची. २०१५ सालीं अभ्रकाची गणना गौण खनिजांत झाली व २०२५ पर्यंत त्याविषयींचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे होता. वेंचणें जोंवर बेकायदा आहे, तोंवर कोणतीहि कंपनी वेंचणाऱ्यास उघडपणें मजूर म्हणूं शकत नाहीं. मग त्याची मजुरी ती कशी तपासणार? दुसरी अडचण भावाची, आणि ती अधिक कठीण. बापाच्या टोपलीस पुरेसा भाव मिळाला तर मुलाची टोपली लागत नाहीं. पण प्रतिस्पर्धी खरेदीदारांनीं संगनमत करून भाव ठरविणें अनेक देशांच्या कायद्यांस मंजूर नाहीं. तेव्हां या मंडळींस नियम एकत्र करतां येतात, शाळेस पैसा एकत्र देतां येतो. दर मात्र ज्यानें त्यानें आपापला ठरवावयाचा. शाळेची इमारत उभी राहते आणि हजेरी भरत नाहीं, याचें एक कारण मला येथें दिसतें.

शिवाय संस्थेचें काम आपल्या देशांतील पट्ट्यांत चालू असतांना मादागास्कर बेटावरील अभ्रकखाणींतहि मुलें राबत असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. 

घरांत डबी असेल तर तिच्यावरील बारीक अक्षरें वाचून पाहावींत. खाणींतील अभ्रक तेथें ‘माइका’ किंवा ‘सी. आय. ७७०१९’ असें लिहिलेलें असतें. कृत्रिम अभ्रकाचें नांव ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’. कोणत्या खाणींतील, कोणी वेंचलेलें, हें डबीवर नसतें. संस्थेच्या सभासदांचीं नांवें मात्र जाहीर आहेत, आणि आपल्या आवडीच्या कंपनीचें नांव त्यांत नसेल तर कारण विचारणारें पत्र तिला कोणासहि धाडतां येतें.