मत कोणाचं विचारायचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर कोलाडच्याच एका तरुणाने आम्हाला गाठलं. म्हणाला, ‘सर, ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांसाठी देशभर मतदान घेतलं. आपल्याकडे कातकऱ्यांसाठी असं का होत नाही?’ प्रश्न चांगला आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आज त्याच्याकडे बघू.

आधी तिकडचं. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात विचारलं गेलं की, राज्यघटनेत मूळ रहिवाशांची दखल घेऊन, संसदेला आणि सरकारला सल्ला देणारं त्यांचं मंडळ असावं का? तिथे घटना बदलायला एकूण मतांचं बहुमत लागतं आणि सहापैकी चार राज्यांतही बहुमत लागतं. सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं, सहाही राज्यांत ‘नाही’च जिंकलं. मूळ रहिवासी लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या आत. म्हणजे त्यांना ओळखायचं की नाही, हे उरलेल्या शहाण्णवांनी ठरवलं. आता ‘होय’ जिंकलं असतं तरी ठरवलं शहाण्णवांनीच असतं ना? १९६७ मध्ये तसं झालंही होतं, नव्वद टक्क्यांहून जास्त ‘होय’.

आपल्याकडे ही दखल मतदानाने आली नाही, संविधान सभेत आली. तिथे जयपालसिंग मुंडा ‘आदिवासी’ या शब्दासाठी भांडले. आंबेडकरांचं म्हणणं असं की, तो शब्द ढोबळ आहे, त्याला कायद्यात ठरलेला अर्थ नाही. ‘अनुसूचित जमाती’ म्हटलं की यादी करता येते. अनुच्छेद ३४२ मध्ये ती यादी आली. दोघांचंही खरं होतं, असं आम्हाला वाटतं. यादीने हक्क मागायला दार मिळालं. पण कोण कोणाला ओळखतो आहे, हे त्या यादीतून पुसलं गेलं.

कातकरी त्या यादीत आहेत. इंग्रजांनी ज्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, तेच आज राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दुसरे कोलाम आणि माडिया गोंड. पण पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात रायगड येत नाही. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा इथे लागू नाही. पालघरमध्ये एखादा पाडा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. इथली वाडी मोठ्या गावाच्या ग्रामसभेत बसते, आणि तिथे तिची अवस्था त्या चार टक्क्यांसारखी.

आणि रायगडात लोकमत झालंच नाही, असंही नाही बरं का! २१ सप्टेंबर २००८ ला शेजारच्या पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने विचारलं: महामुंबई सेझला जमीन देणार का? शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने ‘नाही’ सांगितलं. एन. डी. पाटलांसारखी माणसं त्या लढ्यात होती. आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ती घटना आहे, आम्हालाही वाटतो. पण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला खोड असते. मत विचारलं ते जमीनधारकांना. सातबारावर नाव नाही, तर मत नाही. आणि कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या आजही दुसऱ्याच्या सातबारावर उभ्या आहेत. घर त्यांचं, उंबरठ्याखालची जमीन दुसऱ्याची.

याच्या उलट २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत झालं. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला, आणि डोंगरावरच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. विचारलं ते डोंगरावर राहणाऱ्यांना. सातबारा कोणाचा, याला तिथे महत्त्व नव्हतं, कारण वनहक्क कायदा राहण्याचा आणि वापराचा हक्क मानतो. तो २००६ चा कायदा मात्र रायगडातही लागू आहे.

तेव्हा आम्ही त्या तरुणाला उलट विचारलं, ‘तुमच्या ग्रामसभेला वाडीवरची किती माणसं येतात?’ तो थोडा थांबला. म्हणाला, ‘२६ जानेवारीच्या सभेला ती वीटभट्टीवर असतात, सर. १ मेच्या सभेलाही.’