डिझेल गाडीचे ग्लो प्लग: आधी मोजणी, मग पान्हा

हिवाळ्यात सकाळी डिझेल गाडी सुरू होत नाही. स्टार्टर बराच वेळ फिरतो, मागून पांढरा धूर येतो, शेवटी इंजिन खडखडत पेट घेते आणि मिनिटभराने शांत होते. गॅरेजमध्ये लगेच निदान होते, ‘हीटर प्लग गेले’. आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या बोलीत ग्लो प्लगला हीटर प्लगच म्हणतात, आणि हे नाव पुस्तकी नावापेक्षा जास्त नेमके आहे. निदान अनेकदा बरोबर असते. पण मोजमाप न करता चारही प्लग काढायला घेतले आणि त्यातला एक हेडमध्येच तुटला, तर काहीशे रुपयांचे काम सिलिंडर हेड उतरवण्यापर्यंत जाते. म्हणून या टिपणात काढण्या-बसवण्यापेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

प्लगची गरज का पडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापवली जाते, हे तुम्ही शिकला आहात. आता थोडे गणित करू. भारतात स्विफ्टसह अनेक गाड्यांत बसलेले १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन घ्या (पुण्याजवळ रांजणगावात आणि हरियाणात मानेसरला ते बनत असे). त्याच्या एका प्रचलित रूपाचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, १७.६ आहे. संपीडनाअखेरचे तापमान असे काढतात:

अखेरचे तापमान = सुरुवातीचे तापमान × (गुणोत्तर)^(न − १)

तापमान केल्विनमध्ये, आणि ‘न’ हा पॉलिट्रॉपिक घातांक. इंजिन गरम आणि वेगात असेल तर न साधारण १.३५ धरता येतो. सुरुवातीची हवा ० °से, म्हणजे २७३ केल्विन असली, तरी अखेरीस सुमारे ७४५ केल्विन, म्हणजे ४७२ °से मिळतात. डिझेलला पुरेसे आहे.

पण थंड इंजिन स्टार्टरवर मिनिटाला दोनशेच्या आसपासच फेरे घेते. एवढ्या संथ गतीत हवेची उष्णता थंड भिंतींना, पिस्टनला आणि हेडला द्यायला भरपूर वेळ मिळतो. शिवाय रिंगांमधून थोडी हवा निसटते. न घसरून १.२५ झाला असे धरा. तेच गणित आता ५५९ केल्विन देते, फक्त २८६ °से. घातांकात ०.१ चा फरक आणि तापमानात जवळजवळ दोनशे अंशांची घट. बाहेर ३० °से असतील तर हाच आकडा ३४८ °से येतो. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातही थंड इंजिनाचे तापमान गरम इंजिनाच्या जवळपास नसते, हे लक्षात घ्या.

इथे वर्गात हमखास एक शंका येते. डिझेलचे स्वयंप्रज्वलन तापमान पुस्तकात २१० ते २५० °से दिलेले असते, मग २८६ °से का पुरत नाही? कारण तो आकडा प्रयोगशाळेतल्या भांड्याचा आहे. तिथे इंधनाला पेटायला कित्येक सेकंद, कधी मिनिटेही दिली जातात. इंजिनात हातात असतात काही मिलिसेकंद. तेवढ्यात थेंबाचे बाष्प व्हायचे, हवेत मिसळायचे आणि पेटायचे. तापमान कमी असले की हा प्रज्वलन विलंब लांबतो, पिस्टन खाली जायला लागतो, हवा पुन्हा थंड होते आणि न जळलेले इंधन बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडते. पांढरा, डोळे चुरचुरवणारा आणि डिझेलचा वास असलेला तो धूर म्हणजे हेच थेंब.

ग्लो प्लग सगळी हवा तापवत नाही. तो फवाऱ्याच्या कडेला एक लालबुंद टोक उभे करतो. त्या टोकाजवळचे इंधन आधी पेटते आणि ज्योत पुढे पसरते. जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत (टाटा इंडिकाचे १.४ लिटरचे पहिले डिझेल त्या प्रकारचे) वेगळ्या कक्षाच्या भिंती फार उष्णता खातात, म्हणून तिथे प्लगशिवाय भागतच नसे. आजच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत सौम्य हवामानात एखादा प्लग गेला तरी गाडी सुरू होते, आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

आत काय असते

नेहमीचा धातूचा प्लग म्हणजे एका टोकाला बंद असलेली पातळ नळी. आत दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, आणि पुडीत एकसरीत जोडलेली दोन वेटोळी: टोकाजवळ तापणारे, त्यामागे नियंत्रण करणारे. नियंत्रक वेटोळ्याचा रोध तापमानासोबत वाढतो. त्यामुळे चावी फिरवताच प्लग २० ते ३० अँपिअर ओढतो आणि काही सेकंदांत ८ ते १२ वर येतो. टोक साधारण ८५० °से पर्यंत जाते. दुसरे टोक इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थलाच जोडलेले असते, त्यामुळे प्लगला एकच तार पुरते.

दुसरी जात कमी व्होल्टेजच्या प्लगची, ४.४, ५ किंवा ७ व्होल्ट वगैरे. नियंत्रक त्यांना सुरुवातीचे एक-दोन सेकंद जवळजवळ पूर्ण बॅटरी देतो आणि मग स्पंदनांनी सरासरी व्होल्टेज खाली आणतो. अशा ४.४ व्होल्टच्या प्लगला तुम्ही थेट १२ व्होल्ट लावून ठेवलेत तर शक्ती (१२ ÷ ४.४) चा वर्ग, म्हणजे सुमारे साडेसात पट होते. प्लग पाहता पाहता जळतो. म्हणून पहिले काम म्हणजे प्लगवर कोरलेला व्होल्टेज किंवा भाग क्रमांक वाचणे. दिसत नसेल तर सेवा पुस्तिका पाहा. अंदाज करू नका.

तपासणी

डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असा समज सर्रास आहे. अनेक गाड्यांत तो दिवा फक्त ठरलेली वेळ दाखवतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो शिस्तीत लागतो आणि विझतो.

सर्वांत जास्त फसगत रोध मोजताना होते. धातूच्या १२ व्होल्टच्या प्लगचा थंड रोध साधारण अर्धा ते दीड ओहम असतो. विद्यार्थी मल्टिमीटरचे एक टोक पट्टीवर, दुसरे इंजिनावर ठेवतात आणि ‘रोध कमी आला, प्लग चांगले आहेत’ असे लिहून मोकळे होतात. पण पट्टीने चारही प्लग समांतर जोडलेले आहेत. प्रत्येकी ०.८ ओहम धरले तर चौघांचा मिळून ०.२० ओहम. एक तुटला तर तिघांचा ०.२७ ओहम. फरक ०.०७ ओहमचा, आणि तुमच्या मीटरच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम! ही मोजणी काहीच सांगत नाही. पट्टी किंवा कनेक्टर काढून प्रत्येक प्लग सुटा मोजा. आधी दोन्ही टोके एकमेकांना लावून येणारा आकडा टिपा आणि वजा करा. मीटरने अनंत रोध दाखवला तर प्लग गेला, यात शंका नाही. बाकीच्यांत नेमक्या आकड्यापेक्षा चौघांची आपसातली तुलना महत्त्वाची. तिघे ०.७ ते ०.८ आणि एक २ ओहम असेल तर तो दोषी आहे.

माझ्या मते याहून चांगली चाचणी प्रवाहाची आहे. डीसी मोजणारा क्लँप मीटर घ्या (घरगुती एसीचा इथे शून्य दाखवेल), मुख्य तारेभोवती अडकवा आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. चार चांगले प्लग सुरुवातीला ८० अँपिअर किंवा जास्त घेतील आणि उतरून चाळिशीच्या आसपास स्थिरावतील. प्रत्येकी १० धरले तर एक मेला की ४० चे ३० होतात. इथे फरक चौथाईचा आहे, तारांच्या रोधाचा प्रश्नच नाही, आणि काही सोडावेही लागत नाही. दर दोन सेकंदांनी आकडा लिहून आलेख काढलात तर नियंत्रक वेटोळ्याचे काम डोळ्यांसमोर उभे राहते. नंतर कोणता प्लग गेला ते एकेका तारेवर पाहा.

प्रवाह अजिबात नसेल तर? प्लगला हात लावू नका. चारही एकाच दिवशी मरण्यापेक्षा फ्यूज, रिले किंवा तार यांतला दोष जास्त संभवतो. आणि त्याआधी इंजिन कोमट तर नाही ना, ते पाहा. आधुनिक नियंत्रक कूलंटचे तापमान वाचतो. इंजिन पुरेसे उबदार असेल तर प्लगना वीज देतच नाही. चेन्नईत दुपारी पट्टीवर शून्य व्होल्ट आले, तर तो दोष नसून नियंत्रकाचा निर्णय असू शकतो. स्कॅन टूलमधून प्लग जबरदस्तीने चालू करण्याची सोय असेल तर ती वापरा.

प्रवाह आहे पण सगळाच कमी आहे, अशी तिसरी शक्यता उरते. समजा गंजलेल्या जोडणीत ०.०२ ओहमचा रोध आहे. मल्टिमीटरला तो कधीच दिसणार नाही. पण ६० अँपिअरला तोच १.२ व्होल्ट खातो, ११.५ च्या जागी प्लगना १०.३ व्होल्ट मिळतात, आणि प्लगचा रोध तोच धरला तर शक्ती सुमारे वीस टक्क्यांनी घटते. म्हणून प्लग चालू असताना बॅटरीच्या धन टोकापासून पट्टीपर्यंतचा व्होल्टेज मोजा, मग बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंतचा. नवे प्लग घालून हा दोष कधीच जात नाही.

स्पीतीत किंवा लडाखमध्ये गाडी अडली तर आणखी एक संशयित असतो: डिझेलमधले मेण. थंडीत ते गोठून फिल्टर तुंबवते, आणि त्यावर उपाय वेगळा आहे. इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ °से प्रवाहबिंदूचे हिवाळी डिझेल आणले ते याचसाठी. एक खूण: इंधनच पोहोचत नसेल तर पांढरा धूरही फारसा येत नाही.

आणि ईथरचा स्टार्टिंग स्प्रे ग्लो प्लग असलेल्या इंजिनात मारू नका. तापलेल्या टोकावर ईथर वेळेआधीच पेटते. पिस्टन आणि रिंगा तुटू शकतात, हवेच्या वाटेने ज्वाळा बाहेर येऊ शकते.

काढणे

शिकवायला लागल्यावर पहिल्या दोन वर्षांतच प्रयोगशाळेतल्या इंजिनाचा एक प्लग मी स्वतः तोडला आहे. घाई होती, लांब दांड्याचा पान्हा होता, आणि ‘अजून जरा’ म्हणत जोर लावला. मोडण्याआधी पान्हा किंचित मऊ लागतो. प्लग सुटतोय असेच वाटते. तो सुटत नसतो, पिळला जात असतो.

त्यामुळे काढतानाही टॉर्क रेंच वापरा. प्लग उत्पादकांनी दिलेल्या ठळक मर्यादा अशा: आठ मिलिमीटर आट्यांचा प्लग सुमारे २० न्यूटन-मीटरला तुटू शकतो, दहाचा ३५ ला, बाराचा ४५ ला. रेंच त्याच्या खाली लावा. तेवढ्यात सुटला नाही तर थांबा. आट्यांच्या खोबणीत गंज सैल करणारे तेल सोडा, शक्यतो आदल्या दिवसापासून दोन-तीनदा. मग इंजिन चालवून पूर्ण गरम करा: ॲल्युमिनियमचे हेड पोलादी प्लगपेक्षा जास्त प्रसरण पावते, आट्यांची पकड ढिली होते आणि टोकाभोवतीची काजळीही सुटते. आता पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. वेळ लागतो. इम्पॅक्ट रेंचला या कामात स्थान नाही.

पान्हा लावण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढा आणि प्लगभोवतीची माती दाबाच्या हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाईल.

बाहेर आलेला प्लग लगेच फेकू नका, त्याचे टोक वाचा. टोक वितळलेले किंवा खाल्लेले असेल तर त्या सिलिंडरचे इंजेक्टर तपासा. फवारा नीट पडत नसेल किंवा इंधन ठिबकत असेल. टोक फुगलेले असेल तर जास्त व्होल्टेज मिळाले आहे: रिले चिकटला असेल, किंवा कोणी ट्रकच्या २४ व्होल्टवरून गाडी सुरू केली असेल. हे कारण तसेच ठेवून नवा प्लग घातला तर तोही त्याच वाटेने जाईल.

टेबलावर तापवून पाहायचे असेल तर प्लग व्हाइसमध्ये धरा, हातात कधीच नाही. तारेत फ्यूज हवा, डोळ्यांवर चष्मा हवा, व्होल्टेज प्लगवर लिहिलेलाच हवा. चांगल्या प्लगचे टोक आधी लाल होते. मधूनच लाल होऊ लागला तर तो बाद.

बसवणे

भोकात काजळी राहिली तर नवा प्लग अडकतो किंवा त्याची उष्णता भलतीकडे जाते. त्या मापाचा रीमर ग्रीस लावून हाताने फिरवा. काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते. सिरॅमिक टोकाचा प्लग टेबलावरून पडला असेल तर तडा दिसो न दिसो, वापरू नका. त्याचा तुकडा आत पडला तर पिस्टन जातो.

आटे नेहमी बोटांनी सुरू करा. आवळण्याचा टॉर्क पुस्तिकेतला घ्या. साधारणपणे आठ मिलिमीटरला १०, दहाला १५ च्या आसपास आणि बाराला २२ ते २५ न्यूटन-मीटर असतो. जास्त आवळले तर प्लगचे अंग दबून आतली फट बदलते आणि प्लग लवकर जळतो. वरच्या नटला तर दोन-तीन न्यूटन-मीटर पुरतात. आट्यांना ग्रीस लावायचे की नाही, हे पुस्तिका सांगेल तसे: प्लगचा अर्थ याच धातूतून जातो, आणि ग्रीसमुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

एकच गेला असेल तर एकच बदलावा का? बाकीचे तेवढेच जुने असतील तर मी चारही बदलतो. पण ज्याला बाहेर यायचेच नाही असा चांगला चालणारा प्लग मी ओढून काढत नाही.

बॅटरी जोडल्यावर क्लँप मीटरने पुन्हा प्रवाह घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. नियंत्रकातली दोषनोंद पुसा. काही गाड्यांत ही नोंद असेपर्यंत धुराच्या फिल्टरची स्वच्छता सुरूच होत नाही. मग गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी सुरू करून पाहा. इंजिन सुरू झाल्यावरही प्लग काही वेळ, कधी तीन मिनिटांपर्यंत, तापत राहतात, म्हणून पहिल्या मिनिटांतला धूर आणि खडखडाटही नोंदवहीत लिहा.