ग्रंथांचे घर

शिरगाव हे पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. तेथील जुना किल्ला शेकडो पावसाळे सोसून उभा आहे. दगडाला हे साधते; कागदाला साधत नाही. श्रावणात पुस्तकांची पेटी उघडली की कुबट वास येतो, पानांवर बुरशीचे ठिपके दिसतात, आणि कुठे कसर लागून पाने कुरतडलेली आढळतात. दमट हवा ही कागदाची जुनी वैरीण होय.

याच किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले की मुंबई लागते. हवा तीच, पाऊसही तसाच. तेथे काळा घोडा भागात डेव्हिड ससून ग्रंथालयाची पिवळसर मालाड दगडाची इमारत आहे. टांकसाळीत व सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी १८४७ मध्ये ज्ञानार्जनासाठी एक संस्था स्थापन केली. पुढे डेव्हिड ससून यांनी तिला मोठी देणगी दिली आणि १८७० मध्ये ही इमारत पूर्ण झाली.

कालांतराने इमारतीत फेरफार झाले. मूळचे उतरते छप्पर जाऊन त्याच्या जागी काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. उतरत्या छपरावरून पावसाचे पाणी वाहून जाते; सपाट स्लॅबवर ते साचते आणि बारीकशा भेगेतूनही आत झिरपते. म्हणून अलीकडच्या जीर्णोद्धारात तो स्लॅब काढून पुन्हा उतरते छप्पर बसविण्यात आले. २०२३ मध्ये ग्रंथालय वाचकांसाठी पुन्हा खुले झाले, आणि त्याच वर्षी या कामास युनेस्कोचा पुरस्कार लाभला.

जुन्या भिंतींची दुरुस्तीही विचारपूर्वक करावी लागते. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते, तशीच ती बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आतच कोंडते आणि तिची बाधा भिंतीलगतच्या कपाटांना होते. यास्तव जाणते गवंडी अशा भिंतींना चुनाच वापरतात.

परंतु गवंडी कामास लागण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : तोवर ग्रंथांचे काय करावयाचे? छप्पर उघडे पडते, धूळ उडते, विजेच्या तारा बदलाव्या लागतात. म्हणून प्रथम प्रत्येक ग्रंथाची नोंद करतात व त्याची कपाटातील जागा लिहून ठेवतात. मऊ कुंचल्याने धूळ झाडतात. बुरशी लागलेले ग्रंथ वेगळे काढतात, कारण एकाची बुरशी दुसऱ्यास लागते. मग ते सर्व कोरड्या, सुरक्षित जागी हलवितात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावीत नाहीत. तिचा गोंद कालांतराने पिवळा पडून कागद खातो. त्याऐवजी पातळ पण चिवट जपानी कागद खळीने चिकटवितात.

हे काम लांबणीवर पडले तर काय घडते, याचे उदाहरण जर्मनीतील वायमार नगरात पाहावयास मिळते. तेथील ॲना अमालिया ग्रंथालयाची दुरुस्ती ठरली होती. ग्रंथ हलविण्यास अवघे काही आठवडे उरले असता, २ सप्टेंबर २००४ च्या रात्री इमारतीला आग लागली. लोकांनी साखळी करून हातोहात हजारो ग्रंथ बाहेर काढले. तरीही सुमारे ५०,००० ग्रंथ जळाले, आणि सुमारे ६२,००० ग्रंथांना आग व पाणी यांची झळ पोहोचली. भिजलेले ग्रंथ तातडीने गोठविण्यात आले, कारण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. पुढे निर्वात यंत्रात त्यांतील बर्फाची थेट वाफ करून ते सुकविण्यात आले. इमारत २००७ मध्ये पुन्हा उघडली. जळालेल्या ग्रंथांपैकी कित्येक मात्र कायमचे गेले.

इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. एखाद्या ग्रंथाची जगातील एकुलती एक प्रत नष्ट झाली, तर ती कोणत्याही कारागिराला घडविता येत नाही. म्हणूनच जीर्णोद्धारात पहिला मान ग्रंथांचा, दुसरा भिंतींचा.

हा नियम मोठ्या ग्रंथालयांपुरताच नाही. शिरगावातील एखाद्या घरी पुस्तकांची फळी ओल्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवली, पावसाने उघडीप दिली की पुस्तके सावलीत वाऱ्यावर ठेवली, तरी ग्रंथरक्षणाचे कार्य तेथे सुरू झाले असे समजावे.