ॲग्नेस चेस : तृणकुलाच्या अभ्यासाला वाहिलेले आयुष्य

प्रस्तावना

शास्त्रीय संशोधनाचा विचार करताना पदवी, पद आणि प्रयोगशाळा या तीन गोष्टी गृहीत धरण्याची सवय आपल्या शैक्षणिक जगताला झालेली आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ॲग्नेस चेस (१८६९–१९६३) यांचे जीवन या गृहीतकाला छेद देणारे आहे. त्यांचे औपचारिक शिक्षण शालेय पातळीवरच थांबले. तथापि गवतांच्या वर्गीकरणात त्यांचा अभिप्राय देशोदेशीचे अभ्यासक प्रमाण मानीत. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनकार्याचा आढावा घेऊन, एकाच वनस्पतिकुलाचा आजन्म अभ्यास त्यांना कशामुळे शक्य झाला आणि त्या वाटेवर कोणते अडथळे होते, याचा विचार केला आहे.

तृणकुलाचे स्वरूप

तृणकुलाचे शास्त्रीय नाव पोएसी असून पूर्वी ते ग्रॅमिनी या नावाने ओळखले जाई. गहू, भात, ज्वारी, बाजरी, ऊस, बांबू आणि पायदळी तुडवली जाणारी हरळी या सर्व वनस्पती याच कुलातील होत. या कुलात अकरा हजारांहून अधिक जाती आहेत. मानवाच्या अन्नाचा व पाळीव जनावरांच्या चाऱ्याचा फार मोठा भाग या एका कुलातून येतो. असे असूनही त्याचा अभ्यास कठीण मानला जातो. गवताच्या फुलाला रंगीत पाकळ्या नसतात. अत्यंत लहान फुले कणिशकात दडलेली असतात आणि कणिशकाच्या तळाशी तुष नावाची कोरडी छदे असतात. या छदांची संख्या, लांबी, शिरा व केस यांतील सूक्ष्म फरकांवरून जाती ठरवावी लागते. भिंग, सूक्ष्मदर्शक आणि अपार चिकाटी यांवाचून हे काम होत नाही.

बालपण व जडणघडण

ॲग्नेस यांचा जन्म २९ एप्रिल १८६९ रोजी इलिनॉय राज्यातील इरोक्वॉय परगण्यात झाला. वडील रेल्वेत लोहारकाम करीत. ॲग्नेस दोन वर्षांच्या असताना त्यांचे निधन झाले व कुटुंब शिकागोला स्थलांतरित झाले. शालेय शिक्षण आटोपताच घराला हातभार लावण्यासाठी त्यांना नोकरी करावी लागली. एका नियतकालिकात मुद्रितशोधनाचे काम करीत असताना संपादक विल्यम चेस यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १८८८ मध्ये त्यांचा विवाह झाला. परंतु वर्षभरातच क्षयरोगाने पतीचे निधन झाले. विसाव्या वर्षाच्या आत आलेले वैधव्य आणि डोक्यावर कर्ज अशा स्थितीत त्यांनी एका वृत्तपत्रात रात्रपाळीचे मुद्रितशोधन पत्करले.

वनस्पतींची गोडी त्यांना लागली ती आपल्या पुतण्यासोबत रानोमाळ हिंडताना. पुढे एल्सवर्थ जेरोम हिल या वनस्पतिप्रेमी धर्मोपदेशकांशी त्यांची भेट झाली. हिल यांनी त्यांना सूक्ष्मदर्शक हाताळण्यास शिकवले आणि ॲग्नेस यांनी हिल यांच्या नव्या जातींची चित्रे काढून दिली. या परिचयातूनच शिकागोच्या फील्ड संग्रहालयाच्या प्रकाशनांसाठी चित्रे काढण्याचे काम त्यांना मिळाले. चित्रकाराला वनस्पतीचा प्रत्येक अवयव बारकाईने पाहावाच लागतो. त्यामुळे चित्रकला ही त्यांच्यासाठी वर्गीकरणशास्त्राची पहिली पाठशाळा ठरली. सूक्ष्मदर्शकाच्या सरावाच्या बळावरच १९०१ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांत मांसतपासणीची नोकरी त्यांना मिळाली. तेथे त्यांनी दोन वर्षे काम केले.

वॉशिंग्टनमधील कार्य

१९०३ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागात वनस्पतिचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. दिवसा चित्रे काढावीत आणि कामाची वेळ संपल्यावर तेथील शुष्क वनस्पतिसंग्रहातील गवतांचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. १९०६ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी तृणवैज्ञानिक आल्बर्ट हिचकॉक यांच्या साहाय्यक म्हणून त्या वैज्ञानिक पदावर आल्या. सुमारे तीन दशकांच्या या सहकार्यातून पॅनिकम वंशावरील प्रबंध १९१० मध्ये सिद्ध झाला. पास्पालम वंशावरील प्रबंध १९२९ मध्ये चेस यांनी स्वतंत्रपणे प्रकाशित केला. या दोन वंशांचे महत्त्व महाराष्ट्रातील वाचकाला सहज पटावे. उपवासाची वरी पॅनिकम वंशातील, तर कोकणातील हरीक पास्पालम वंशातील आहे. चेस यांनी अर्थातच या वंशांतील अमेरिका खंडातील जातींचा अभ्यास केला.

त्यांच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे प्ररूप नमुन्यांचा आग्रह. एखाद्या जातीचे नाव ज्या मूळ वाळवलेल्या नमुन्याशी बांधलेले असते, त्यास प्ररूप म्हणतात. जुनी वर्णने त्रोटक असल्याने एकाच गवताला अनेक नावे पडत आणि अनेक गवते एकाच नावाखाली वावरत. हा घोळ ग्रंथ वाचून सुटत नाही. मूळ नमुना प्रत्यक्ष पाहावा लागतो. त्यासाठी १९२२ मध्ये चेस यांनी युरोपातील अनेक वनस्पतिसंग्रहांना भेटी दिल्या. त्याच वर्षी सामान्य जिज्ञासूंना गवताची रचना पायरीपायरीने समजावून देणारे 'फर्स्ट बुक ऑफ ग्रासेस' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

अडथळे आणि संघर्ष

१९११-१२ मध्ये पनामाचे जैविक सर्वेक्षण झाले. हिचकॉक त्यात सहभागी झाले. चेस यांना मात्र स्त्री असल्याच्या कारणावरून वगळण्यात आले. चेस यांनी संकलनाचा ध्यास सोडला नाही. १९१३ मध्ये त्या पोर्तो रिकोला गेल्या. १९२४-२५ व १९२९-३० मध्ये त्यांनी ब्राझीलचे दोन प्रदीर्घ दौरे केले आणि डोंगरदऱ्या पालथ्या घालून हजारो नमुने जमवले.

स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यातही त्या अग्रभागी होत्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या काळात व्हाइट हाउससमोरील निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल त्यांना अटक झाली. तुरुंगात अन्नत्याग केल्यावर त्यांना बळजबरीने अन्न घालण्यात आले. शासकीय सेवेत असताना हे पाऊल उचलणे म्हणजे नोकरी पणाला लावणे होते. १९२० मध्ये अमेरिकन स्त्रियांना राज्यघटनेने मताधिकार दिला. संशोधन आणि नागरिकत्व या दोन्ही क्षेत्रांत दार बंद असण्याचे कारण एकच होते आणि चेस यांनी ते दोन्हीकडे ओळखले होते, असे म्हणता येते.

उत्तरायुष्य

हिचकॉक यांचा अमेरिकेतील गवतांवरील बृहद्ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोगाने ब्लॅटर व मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथही त्याच वर्षीचा. वर्षअखेरीस हिचकॉक यांचे निधन झाले व त्यांच्या कामाची धुरा चेस यांच्याकडे आली. १९३९ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या. परंतु विनावेतन त्या संग्रहात काम करीतच राहिल्या. १९४० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्या व्हेनेझुएलाला गेल्या. लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या तरुण अभ्यासकांना, विशेषतः स्त्रियांना, त्या आपल्या घरी आश्रय देत व मार्गदर्शन करीत. हिचकॉक यांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती त्यांनी १९५० मध्ये सिद्ध केली. गवतांच्या नावांची सूची ही त्यांची अखेरची मोठी कामगिरी. कॉर्नेलिया नाइल्स यांच्या सहकार्याने तयार झालेली ही तीन खंडांची सूची १९६२ मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा चेस ९३ वर्षांच्या होत्या.

मानसन्मान उशिरा आले. १९५८ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, इलिनॉय विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ही त्यांची पहिली विद्यापीठीय पदवी. २४ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. चेसक्लोआ आणि ॲग्नेसिया या गवतांच्या दोन वंशांच्या नावांत त्यांची स्मृती जतन झाली आहे.

समारोप

चेस यांच्या चरित्रातून पदवी निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्यांना पदवी नव्हती. परंतु सूक्ष्मदर्शक हाती देणारा गुरू होता, कामाची वेळ संपल्यावरही खुला राहणारा संग्रह होता आणि चित्रकाराला संशोधक म्हणून स्वीकारणारा ज्येष्ठ सहकारी होता. या तीन गोष्टींपैकी एकही नसती, तर त्यांची चिकाटी कदाचित वायाच गेली असती. तेव्हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या जिद्दीचा नाही. महाविद्यालयातील संग्रहाचे कपाट कोणासाठी उघडते, प्रयोगशाळा साहाय्यकाच्या किंवा पदवी नसलेल्या जिज्ञासूच्या निरीक्षणाला कोण महत्त्व देते आणि सर्वेक्षणाला जाणाऱ्या चमूत कोणाला वगळले जाते, यावर उद्याचे संशोधन अवलंबून असते. चेस यांनी आपल्या घराचे दार नवोदितांसाठी उघडे ठेवले. अध्यापकाच्या दृष्टीने त्यांच्या ग्रंथांइतकेच हेही त्यांचे कार्य अनुकरणीय आहे.