त्रिकोणांचे वर्गीकरण : व्याख्या आणि सिद्धांत

बाजूंवरून समभुज, समद्विभुज व विषमभुज आणि कोनांवरून लघुकोन, काटकोन व विशालकोन, असे त्रिकोणांचे दुहेरी वर्गीकरण शालेय भूमितीच्या आरंभीच शिकविले जाते. ते केवळ नामकरण आहे असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. परंतु प्रत्येक त्रिकोण कोणत्या तरी एका वर्गात पडावा व एकाहून अधिक वर्गांत पडू नये, ही वर्गीकरणाची मूळ अट होय. ती अट कोठे व्याख्येनेच साधते आणि कोठे सिद्ध करावी लागते, याचा विचार येथे केला आहे.

बाजूंवरून होणारे वर्गीकरण हा मुख्यतः व्याख्येचा प्रश्न आहे. यूक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातील विसाव्या व्याख्येनुसार ज्याच्या दोनच बाजू समान असतात तो समद्विभुज त्रिकोण. म्हणजे समभुज त्रिकोण समद्विभुजांत मोडत नाही. या व्याख्येने तिन्ही वर्ग परस्परांपासून अलग राहतात. मात्र समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन समान असतात, हा त्याच भागातील पाचवा सिद्धांत मग समभुज त्रिकोणास शब्दशः लागू पडत नाही. असे असूनही चौथ्या भागात, वर्तुळात सुसम षट्कोन काढताना, यूक्लिडने तो समभुज त्रिकोणास लावलेला आहे. ‘निदान दोन बाजू समान’ ही आज बहुधा स्वीकारली जाणारी व्याख्या ही अडचण दूर करते. पण मग समभुज हा समद्विभुजाचाच एक विशेष प्रकार ठरतो व वर्गांचे अलगपण नाहीसे होते. या दोहोंतील निवड सोयीवर अवलंबून आहे. तिच्यात सत्यासत्याचा प्रश्न उद्भवत नाही.

कोनांवरून होणाऱ्या वर्गीकरणाची गोष्ट निराळी आहे. एकाच त्रिकोणात एक काटकोन व एक विशालकोन असू शकत नाही, हे व्याख्येत कोठेही अंतर्भूत नाही. त्यासाठी त्रिकोणाच्या कोणत्याही दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असते, हा पहिल्या भागातील सतरावा सिद्धांत आवश्यक आहे. त्याच्या सिद्धतेत समांतर रेषांविषयीच्या गृहीतकाचा उपयोग केलेला नाही. म्हणून लोबाचेव्हस्की व बोल्याय यांच्या भूमितीतही हे वर्गीकरण अबाधित राहते.

केवळ बाजू दिल्या असता त्रिकोण कोणत्या वर्गातील आहे हे कसे ओळखावे, याचे सुंदर उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आढळते. पाया १४ आणि भुजा १३ व १५ असता लंबामुळे होणारे पायाचे दोन खंड, म्हणजेच आबाधा, ५ व ९ येतात आणि लंब १२ येतो. परंतु पाया ९ आणि भुजा १० व १७ असता, भुजांच्या वर्गांतील अंतर १८९ यास पायाने भागून २१ मिळतात, आणि आबाधा १५ व ऋण ६ अशा निघतात. लंब ८ येतो. ऋण आबाधा विरुद्ध दिशेने घ्यावयाची, म्हणजे लंब पायाच्या बाहेर पडतो आणि तेथील कोन विशाल असतो. सर्वांत मोठी बाजू सोडून उरलेल्या दोहोंपैकी एक पाया धरली, तर सर्वांत मोठा कोन पायालगत येतो आणि त्याच्या बाजूच्या आबाधेच्या चिन्हावरून निर्णय होतो : धन असल्यास त्रिकोण लघुकोन, शून्य असल्यास काटकोन, ऋण असल्यास विशालकोन. संख्या धन, शून्य किंवा ऋण यांहून वेगळी असू शकत नाही. म्हणून चौथा वर्ग संभवत नाही.

यूक्लिडची व्याख्या स्वीकारून दोन्ही वर्गीकरणे एकत्र मांडली असता नऊ घरांचा कोठा तयार होतो. त्यांपैकी सातच घरे भरतात, हे पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस याने नमूद केले आहे. समभुज-काटकोन व समभुज-विशालकोन ही घरे रिकामी राहतात. कारण समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन समान असतात आणि एकाहून अधिक कोन काटकोन वा विशालकोन असू शकत नाहीत. ही रिकामी घरे सिद्धांताचे फळ आहेत, संकेताचे नव्हे.

याची कसोटी गोलपृष्ठावर लागते. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरील परस्परांपासून ९० रेखांश दूर असलेले दोन बिंदू बृहद्वृत्तांच्या कंसांनी जोडले असता तिन्ही बाजू समान व तिन्ही कोन काटकोन असलेला त्रिकोण मिळतो. तोच तिन्ही बाजूंनी सारखा किंचित वाढविला असता समभुज-विशालकोन त्रिकोण होतो. रिकामी राहिलेली दोन्ही घरे अशा रीतीने भरतात. इतकेच नव्हे, तर विषुववृत्तावरील त्या दोन बिंदूंतील अंतर १२० रेखांश केल्यास ध्रुवाशी विशालकोन व उरलेल्या दोन्ही ठिकाणी काटकोन येतात, आणि एकच त्रिकोण दोन वर्गांत मोडू लागतो. सतरावा सिद्धांत गोलपृष्ठावर खरा नसल्याचा हा परिणाम होय. बाजूंचे वर्गीकरण मात्र तेथेही जसेच्या तसे टिकते, कारण त्याला समानतेखेरीज अन्य कशाचाही आधार लागत नाही. म्हणून ही दोन्ही वर्गीकरणे शेजारी शेजारी मांडताना, एक व्याख्येवर व दुसरे सिद्धांतावर उभे आहे, हा भेद विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे ठेवणे इष्ट ठरेल.