जुन्या खेळांच्या वहीत नवी बातमी?

छोट्या दोस्तांनो, आज तुमच्यापुढे एक भांडण ठेवायचं आहे. भांडण तसं गोड आहे, पण दोन्ही बाजूंची मंडळी अगदी इरेला पेटलेली असतात. निवाडा तुम्ही करायचा. आईबाबांनाही सोबत घ्या, कारण भांडण त्यांच्या लहानपणीच्या वस्तूंवरून आहे.

जगात जुन्या व्हिडिओ गेमचे वेडे पुष्कळ आहेत. जुने म्हणजे किती जुने? तर टीव्हीला वायर जोडायची, यंत्राच्या खाचेत कॅसेट बसवायची आणि चित्र आलं नाही की कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची, त्या काळचे. (घरी विचारून बघा! फुंकर मारली नाही असा बाबा शोधून सापडायचा नाही. खरं तर फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या खराब होतात. कॅसेट काढून पुन्हा नीट बसली म्हणून खेळ चालू व्हायचा, श्रेय मात्र फुंकरीला!) कॅसेटवर '९९९९ इन वन' असं ऐटीत छापलेलं असायचं. आत खेळ थोडेच, बाकी तीच नावं फिरून फिरून.

या वेड्यांपैकी कोणी जुनी यंत्रं जमवतात, कोणी दुरुस्त करतात, कोणी त्यांच्याविषयी लिहितात. इंग्लंडमध्ये तर २००४ साली 'रेट्रो गेमर' नावाचं मासिकच निघालं. आता भांडण असं, की जुन्या खेळांसाठी राखलेल्या पानावर आजच्या नव्या खेळांच्या बातम्या छापाव्यात की नाही?

समजा, तुमच्या वर्गाचं 'जुने खेळ' नावाचं हस्तलिखित आहे. मोजून आठ पानं. एक मुलगा म्हणतो, "या महिन्यात नवा खेळ आलाय, सगळे त्याच्याविषयीच बोलतायत, पहिल्या पानावर तोच घेऊ." दुसरी मुलगी म्हणते, "मुळीच नाही! मग नाव कशाला ठेवलं 'जुने खेळ'?" तुम्ही कोणाच्या बाजूचे?

आधी त्या मुलीचं ऐकू. तिचं म्हणणं हट्टाचं वाटतं, पण त्यात दम आहे. नव्या खेळाच्या पाठीशी मोठी कंपनी असते, जाहिरातीचा पैसा असतो. त्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही. जुन्या खेळाच्या बाजूने बोलायला कोण आहे? अमेरिकेत 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' नावाची संस्था आहे. खेळांचा इतिहास जपणं हे तिचं काम. तिने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० सालापूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळतच नाहीत, असं त्यात निघालं. वर्गात १०० मुलं आहेत आणि हजेरीला फक्त १३ जण 'हजर' म्हणाले, तर कसं वाटेल? उरलेल्या ८७ जणांचा शोध घेणारी आठ पानं असतील, तर त्यातली चार पानं त्याच्यासाठी का द्यायची, ज्याचं नाव आधीच गावभर झालंय?

शिवाय अरब आणि उंटाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. आधी नुसतं डोकं तंबूत, मग मान, मग सगळा उंट आत आणि अरब बाहेर! नव्या बातम्यांचं असंच होतं. नवा खेळ रोज काहीतरी बातमी देतो: आज चित्र, उद्या किंमत, परवा तारीख पुढे गेली. जुन्या खेळाची माहिती मिळवायला आठवडा जातो. मग कंटाळलेला संपादक सोपी वाट धरतो, आणि हस्तलिखिताचं नाव तेवढं 'जुने खेळ' राहतं.

इथवर मुलगी जिंकली असं वाटेल. पण थांबा, एका राजपुत्राची गोष्ट ऐका.

१९८९ साली जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ 'ॲपल टू' या संगणकासाठी बनवला. पुढे तो इतर संगणकांवरही आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात संगणकाशी पहिली ओळख झालेल्या कितीतरी जणांना तो आठवतो. अंधाऱ्या तळघरात पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र, आणि ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचं! तेव्हाच्या इतर खेळांतली माणसं ठोकळ्यासारखी हलायची. हा मात्र खऱ्या माणसासारखा पळायचा, कडेला लोंबकळायचा, धापकन पडायचा. कसं जमलं? मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेका चित्रावरून राजपुत्र गिरवला. नवा शत्रू हवा होता, पण संगणकाच्या स्मृतीत आणखी चित्रांना जागाच नव्हती. मग त्याने राजपुत्राच्याच चित्रावर थोडी हातचलाखी केली आणि त्याची सावली राजपुत्राची वैरीण झाली. अडचणीतून निघालेली ही सावली आज त्या खेळातलं सगळ्यात गाजलेलं पात्र आहे.

या खेळाचा मूळ प्रोग्राम पुढे कुठे गेला ते मेकनरलाही सापडेना. २०१२ साली त्याच्या वडिलांनी घरातल्या जुन्या वस्तूंचं एक खोकं त्याच्याकडे पाठवलं. (खेळाचं संगीत याच वडिलांचं, बरं का!) त्या खोक्यात त्या जुन्या फ्लॉप्या होत्या. वीस वर्षांहून जुन्या फ्लॉप्या वाचायच्या कशा? जुन्या संगणकांचे जाणकार मदतीला धावले, प्रोग्राम सुखरूप बाहेर आला आणि मेकनरने तो सगळ्यांना बघायला खुला केला.

आता सांगा, २०१२ सालची ही बातमी जुनी की नवी? आणि जानेवारी २०२४ मध्ये याच मालिकेतला 'द लॉस्ट क्राऊन' हा नवा खेळ आला, त्यात पुन्हा पहिल्यासारखा बाजूने दिसणारा पडदा होता. त्याची बातमी आपल्या हस्तलिखितात नको? तो खेळणारी दहा वर्षांची मुलगी विचारणारच, "हा राजपुत्र पहिल्यांदा कुठे पळाला?" तिला उत्तर देण्याची याहून चांगली संधी कोणती?

दुसरं उदाहरण याहून गमतीचं. टेट्रिस तुम्हाला माहीत असेल. वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळी पूर्ण करायच्या. अलेक्सी पाजितनॉव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत तो तयार केला. निन्टेंडोच्या टीव्ही गेमवर तो १९८९ साली आला. त्यात २९ व्या पातळीनंतर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की माणसाची बोटं पुरी पडत नाहीत, म्हणजे खेळ तिथेच संपतो, असं वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. मग खेळाडूंनी बटण दाबायच्या नव्या तऱ्हा शोधल्या. एका हाताचा अंगठा बटणावर हलकेच ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी रिमोटच्या पाठीवर तबला वाजवल्यासारखं भराभर ठोकायचं! २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या पातळीवर पोचला, आणि यंत्रच गोठलं. प्रोग्रामला पुढे जाता येईना. ३४ वर्षं जो खेळ सगळ्यांना हरवत आला होता, तो एका शाळकरी मुलापुढे थांबला.

खेळ जुना, खेळाडू आणि बातमी दोन्ही ताजी. 'फक्त जुनं छापू' म्हणणाऱ्यांनी ही बातमी कुठल्या कप्प्यात टाकायची?

तसंच 'मायक्रो मेजेस'चं. हा खेळ २०१९ सालचा, पण बनवला निन्टेंडोच्या त्या जुन्या यंत्रासाठी. तोही अवघ्या ४० किलोबाइटमध्ये, म्हणजे १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' एवढ्याच जागेत. मोबाइलवर काढलेल्या तुमच्या एका फोटोत असे पन्नास मारिओ सहज मावतील! इतक्या कमी जागेत भागवायचं तर काटकसर आलीच. मारिओतले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट बघा. चित्र एकच आहे, रंग तेवढे बदललेत.

बातमी वाईट असेल तरी ती द्यावीच लागते. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोने आपल्या दोन यंत्रांची, थ्रीडीएस आणि वी यू यांची, इंटरनेटवरची दुकानं बंद केली. त्या दुकानांत जुने खेळही मिळायचे. त्यातले काही दुसरीकडे कुठेच विकत मिळत नव्हते. निर्णय आजच्या कंपनीचा होता, पण नुकसान जुन्या खेळांचं झालं. आपण नवं काही वाचणारच नाही असं ठरवून बसलेल्या माणसाला हे कळलं तेव्हा दुकानाला कुलूप लागलेलं होतं.

मग काय, सगळंच छापायचं? माझं मत विचाराल तर नाही. बातमी हातात आली की एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे जुन्या खेळाविषयी काही कळलं का, किंवा जुन्या खेळाचं काही बरंवाईट झालं का? झालं असेल तर खुशाल छापा, हवं तर पहिल्या पानावर. पण नव्या खेळातली गाडी किती चकचकीत दिसते, तो केवढ्याला मिळतो, त्यातला सोनेरी पोशाख घ्यायला पुन्हा वेगळे पैसे कसे पडतात, हे सांगायला आपली वही नको. (पालकांनो, त्या पोशाखांच्या बिलाबद्दल वेगळं सांगायला नकोच.)

आणखी एक गोष्ट मात्र मला या प्रश्नाइतकीच महत्त्वाची वाटते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला, हे पक्कं माहीत आहे. पण अमेरिकेत तो नेमका कोणत्या दिवशी दुकानात आला? यावर जाणकारांचं आजही एकमत नाही! जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध खेळांपैकी एक, काळही काही शिवाजी महाराजांचा नव्हे, आणि तारीख सापडत नाही. कारण त्या दिवसांत ही पोरासोरांची करमणूक समजली जायची. कोण कशाला नोंद ठेवतंय?

आज तुमच्या हातातला खेळही असाच जुना होणार आहे. 'माइनक्राफ्ट' पूर्ण स्वरूपात २०११ साली आला. आजच्या पाचवीतल्या मुलापेक्षा तो वयाने मोठा आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात खेळांचं एक मोठं संग्रहालय आहे, 'द स्ट्राँग'. तिथल्या व्हिडिओ गेमच्या मानाच्या यादीत 'माइनक्राफ्ट'चं नाव २०२० सालीच लागलं, म्हणजे नववं वर्ष पुरं होण्याच्या आत. तेव्हा हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर एक छोटा रकाना ठेवायला माझी हरकत नाही. खेळाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, आला ती तारीख, वर्गात कोण कोण खेळतं आणि त्यांना त्यात काय आवडतं. चार ओळी, बस्स. जाहिरात नाही, कौतुक नाही. वीस वर्षांनी कोणीतरी हीच चार ओळींची नोंद शोधत येईल.

बाकीच्या सात पानांचा मजकूर तुमच्या घरातच असेल. सुटीच्या दिवशी माळ्यावरची पेटी खाली काढायला सांगा. कॅसेट निघाली तर फुंकर न मारता कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ती कुठल्या गावी, कोणत्या वर्षी, कोणी घेतली आणि पहिला डाव कोण जिंकलं ते आईबाबांना, मामाला, आत्याला विचारून लिहून काढा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा.

आणि बदकं मारायची ती प्लास्टिकची बंदूक सापडली, तर ती आजच्या चपट्या टीव्हीपुढे धरून हिरमुसू नका. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपायचा. बंदूक गोळी झाडत नव्हती, ती बघत होती! जुन्या काचेच्या, पाठीमागे फुगीर टीव्हीवर हा चौकोन नेमक्या क्षणी उमटायचा. चपट्या टीव्हीवर तो किंचित उशिरा येतो, तोवर बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. बदक आपलं मजेत उडून जातं.